पुरचुंडीतला मसाला, कारखान्यातली पूड

रश्शात खडा मसाला फडक्यात बांधून सोडला, तर पुरचुंडी उचलली की काम झालं. सुटा टाकला तर दालचिनीचे तुकडे शोधत बसा! औषधांच्या कारखान्यातही असंच असतं.

पॅरासिटामॉलची गोळी घ्या. ती ज्या रसायनापासून होते, ते जुन्या पद्धतीत लोखंडाचा कीस आणि आम्ल वापरून करत. १ टन माल निघाला की मागे दीड टनाहून जास्त लोखंडी गाळ. तो टाकायचा कुठे? आपल्या ओव्यापासून तळोजा एमआयडीसी जवळच, कासाडी नदीही तिथलीच. हा प्रश्न तुम्हाला समजावायला नको.

दुसऱ्या पद्धतीत पॅलेडियम धातूचे अतिसूक्ष्म कण कोळशाच्या पुडीवर बसवतात. १०० ग्रॅम पुडीत धातू बहुधा ५ ग्रॅमच. त्यावर हायड्रोजन वायू तेच काम करतो आणि मागे पाणी उरतं. धातू खर्ची पडत नाही. पूड गाळायची, पुन्हा वापरायची. याला उत्प्रेरक म्हणतात. काहीजण विरजणाची उपमा देतात, मला पटत नाही. विरजण दह्यातच मिसळून जातं, परत काढता येतं का?

पूड कायम टिकत नाही. काही फेऱ्यांनी कण एकमेकांना चिकटतात, थोडे सुटूनही जातात. मग उरलेला धातू काढून घेतात, कारण पॅलेडियम फार महाग.

घरातलं कुणी अशा कामावर असेल तर जरूर विचारा: गाळलेली पूड ओलीच ठेवता ना? वाळली तर हवा लागताच पेट घेऊ शकते. ती पुसलेलं फडकंही तसंच कोपऱ्यात टाकायचं नाही.