टार्गेटआधीच संपलेली रिकव्हरी

पोस्टग्रेसचा डेटाबेस बॅकअपमधून उभा करताना डीबीएची नजर लॉगवर असते. बेस बॅकअप उतरवून झाला, की अर्काइव्हमधल्या 16 एमबीच्या वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या लॉगचे तुकडे, एकामागून एक लागू होत जातात. समजा, दुपारी 2:31 ला कुणी भलतंच डिलीट चालवलं. तर टार्गेट म्हणून 2:30 ही वेळ द्यायची आणि वाट पाहायची.

कधी कधी फायली संपतात, पण टार्गेट येतच नाही. 12व्या आवृत्तीपर्यंत पोस्टग्रेस अशा वेळी निमूटपणे डेटाबेस उघडून द्यायचं. 2020 साली आलेल्या 13व्या आवृत्तीपासून मात्र ते फेटल एरर देऊन बंद होतं. मध्यरात्री ही एरर नकोशी वाटते, पण अपुरा डेटा पुरा समजून सकाळी ग्राहकांसमोर जाण्यापेक्षा ती बरी.

आता शोध सुरू होतो. आधी टाइमझोन बघायचा. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि आपण नुसतंच 14:30 लिहिलं असेल, तर आपल्याकडचे रात्रीचे आठ होतात. तिथवरचा वॉल मिळणार कुठून? मग अर्काइव्हमधून फायली आणणारी रिस्टोअर कमांड. ती नेटवर्कमुळे फसली, तरी पोस्टग्रेसची समजूत सहसा एकच होते: पुढे फाइल नाही. शेवटची अर्धवट भरलेली फाइल अर्काइव्हला गेलेलीच नसते, असंही होतं. जुन्या सर्व्हरची डिस्क शाबूत असेल, तर ती तिथून उचलता येते.

सगळ्यात फसवं कारण म्हणजे शांतता. वेळेचं टार्गेट घड्याळावर नव्हे, व्यवहारांच्या कमिट किंवा रोलबॅकच्या नोंदींवर तपासलं जातं. टार्गेट रात्री 3 चं असेल आणि त्यानंतर एकही व्यवहार नोंदला गेला नसेल, तर सगळा डेटा हाती असूनही टार्गेट गाठलं जात नाही. पीजी वॉलडंपने शेवटच्या फायलींतल्या कमिटच्या वेळा वाचल्या, की हा उलगडा होतो.

हरवलेल्या फायली सापडल्या, तर त्या जागेवर ठेवून सर्व्हर पुन्हा सुरू करायचा. बेस बॅकअप नव्याने उतरवावा लागत नाही. नाहीच सापडल्या, तर टार्गेट काढून मिळेल तिथवर जाता येतं. पण डेटाबेस एकदा प्रमोट झाला, म्हणजे रिकव्हरी संपवून वापरासाठी उघडला, की नवी टाइमलाइन सुरू होते आणि उशिरा सापडलेली फाइल त्याला जोडता येत नाही. म्हणून शेवटच्या कमिटची वेळ आधी हिशेब सांभाळणाऱ्यांना कळवायची. तेवढं नुकसान चालेल की नाही, हे त्यांनी ठरवायचं, प्रमोट त्यानंतर.