वळणावरच का बंद पडते गाडी?

सरळ पट्ट्यावर सुसाट धावणारी ट्रॅकची मोटरसायकल हँडल वळवताच बंद पडते? ईसीयूवर, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकावर, लगेच संशय नको. तो बिचारा बहुधा निर्दोष असतो. हँडलच्या मानेपाशी वायरिंग सतत वाकतं. आतली तांब्याची तार तुटते, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. इग्निशन बंद ठेवून मल्टिमीटरवर कंटिन्युइटी लावा आणि वायरिंग हलवा. बीप तुटला, की जागा सापडली. ट्रॅकसाठी साइड स्टँड काढताना त्याच्या स्विचच्या तारा कुणीतरी नुसत्या पिळून जोडलेल्या असतात, तेही तपासा. वायरिंग ठीक निघालं, तर मल्टिमीटरवर बॅटरीचा व्होल्टेजही पाहा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, इंजिनचा वेग वाढवल्यावर साधारण 14. पंधराच्या वर गेलं तर आधी रेग्युलेटर पाहा.