परक्या मातीतले अरबी नाणे

शाळेला सुट्टी लागली की मुले मोबाईलवर तासन्‌तास काय काय पाहतात, हे आता घरोघरी ठाऊक आहे. त्यातलाच एक प्रकार म्हणजे नाणी शोधण्याचे व्हिडिओ. परदेशातील एखाद्या सार्वजनिक बागेत कानाला हेडफोन लावलेला माणूस हिरवळीवरून लांब दांड्याचे यंत्र फिरवत असतो. यंत्र वाजते, तो गुडघे टेकून माती उकरतो आणि चांदीचे जुने नाणे वर काढतो. लगेच आपल्या घरात प्रश्न येतो, "अब्बा, आपणही असे यंत्र घेऊ या का?"

या प्रश्नाला नुसते "नको" म्हणून भागणार नाही. मुलाला यंत्राचीही माहिती द्यावी आणि एका नाण्याची गोष्टही सांगावी.

मेटल डिटेक्टरच्या टोकाला तारेचे वेटोळे बसवलेली चकती असते. तिच्यातून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते. खाली धातू आला तर त्या धातूत बारीक प्रवाह उठतात आणि यंत्र आवाज देते. चांदीचा आवाज सहसा उंच, लोखंडाचा खर्जातला. नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच कळते. जुन्या बागांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या लोक बसले, खेळले, त्यांच्या खिशातून नाणी गळली, म्हणून हौशी लोक तिथे जातात. अमेरिकेत १९६४ पर्यंतच्या डाइम आणि क्वार्टर या नाण्यांत ९० टक्के चांदी असे. पण व्हिडिओत दिसत नाही ते हे की, दिवसभर फिरून बहुतेक वेळा हाती लागतात ते खिळे, बाटल्यांची झाकणे आणि शीतपेयाच्या डब्यांच्या कड्या!

तिथेही वाटेल तिथे खणता येत नाही. काही शहरांच्या बागांत परवानगीने शोध घेता येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत मात्र त्याला बंदी आहे. खासगी जमिनीवर मालकाची संमती लागते. चांगला शोधक गवताचा थर अलगद उचलतो आणि काम झाल्यावर खड्डा बुजवून तो पुन्हा बसवतो.

आता त्या नाण्याची गोष्ट. अमेरिकेच्या रोड आयलंड राज्यात मिडलटाउन नावाचे गाव आहे. तिथल्या एका फळबागेत एका हौशी शोधकाला जुनी नाणी, बंदुकीच्या गोळ्या अशा वस्तू मिळाल्या होत्या. २०१४ मध्ये त्याच जागी काळवंडलेले चांदीचे एक नाणे निघाले. त्यावर अरबी अक्षरे होती. शोध घेतल्यावर कळले की ते १६९३ मध्ये यमनमध्ये पाडलेले होते. त्या काळी अमेरिकेतील इंग्रज वसाहतींचा अरबस्तानाशी व्यापार जवळजवळ नव्हताच. मग हे नाणे तिथे पोहोचले कसे?

त्याने लावलेला माग थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. सप्टेंबर १६९५ मध्ये 'गंज-ए-सवाई' हे औरंगजेब बादशहाचे जहाज हज करून परतणाऱ्या यात्रेकरूंना आणि व्यापाऱ्यांना घेऊन सुरतेकडे येत होते. बंदर जवळ आले असताना हेन्री एव्हरी नावाच्या इंग्रज चाच्याने त्यावर हल्ला केला. त्या काळात सुरतेस कामाला असलेल्या इतिहासकार खाफी खानाने लिहून ठेवले आहे की, लढाईत जहाजावरची एक तोफ फुटून आपलीच माणसे दगावली. पुढे आठवडाभर लूट चालली. अब्रू वाचवण्यासाठी काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या. लुटीचा आकडा तो ५२ लाख रुपये देतो.

बादशहाची छावणी तेव्हा भीमेकाठी, आजच्या सोलापूर जिल्ह्यातील ब्रह्मपुरीला होती. बातमीने संताप उसळला. सुरतेतील इंग्रज व्यापाऱ्यांना कैद झाली. एव्हरीला पकडण्यासाठी बक्षीस लागले. १६९६ मध्ये लंडनमध्ये त्याच्या सहा साथीदारांवर खटला चालला आणि पाच जणांना फाशी झाली. एव्हरी स्वतः मात्र कधीच सापडला नाही.

त्याचे काही साथीदार अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरले आणि लुटीची नाणी तिथे खर्च झाली, असे या शोधकाचे म्हणणे आहे. २०२१ पर्यंत मॅसॅच्युसेट्स, रोड आयलंड, कनेक्टिकट आणि नॉर्थ कॅरोलिनात मिळून त्या काळची किमान १६ अरबी नाणी निघाली होती. नेमके कोणते नाणे कोणत्या हाजीच्या कमरेच्या कशातून गेले, हे आता फक्त अल्लाह जाणतो. पण नाणे कुठे, कशाजवळ निघाले याची नोंद राहिली, म्हणूनच ३०० वर्षांपूर्वीचा माग काढता आला. तेच नाणे कुणी गुपचूप उकरून सराफाला विकले असते, तर उरली असती फक्त थोडी चांदी.

याच्या उलट चित्र आपण मार्च २०२५ मध्ये पाहिले. एका चित्रपटानंतर बऱ्हाणपूरजवळच्या असीरगड परिसरात मोगलांच्या सोन्याच्या मोहरा मिळतील अशा आशेने लोक रात्री टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन शेते खणू लागले. पीक कुणाचे, जमीन कुणाची, याचे भान कुणाला राहिले नाही.

आपल्याकडचा कायदा स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपवणे हा गुन्हा आहे. संरक्षित किल्ले आणि स्मारके यांच्या आवारात परवानगीशिवाय खणता येत नाही.

दीननेही या बाबतीत मोकळे सोडलेले नाही. सापडलेली हरवलेली वस्तू, म्हणजे लुकता, वर्षभर जाहीर करून मालक शोधायचा असतो. इस्लामपूर्व काळातील पुरलेले धन म्हणजे रिकाज, आणि त्यात पाचवा हिस्सा द्यावा लागतो. दोहोंतला फरक ठरवताना फुकहांनी नाण्यावरच्या खुणा पाहायला सांगितल्या आहेत. म्हणजे नाणे खिशात टाकण्याआधी ते वाचायचे! प्रत्यक्ष प्रसंग आला तर कायद्याचे पालन करून आलिमांचा सल्ला घ्यावा.

तेव्हा मुलाला सांगावे, "बेटा, यंत्र नंतर पाहू. आधी दादीची पेटी उघडू." कित्येक घरांत जुने पैसे, हैदराबादी रुपये, आखाती देशांतून आलेली नाणी गाठोड्यात पडून असतात. ती चिंचेने किंवा राखेने घासू नयेत. घासल्याने अक्षरे झिजतात. प्रत्येक नाणे कागदाच्या वेगळ्या पुडीत ठेवावे आणि वर लिहावे, हे कुणी आणले, कुठून आणले, कधी आणले. दादी हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. त्यांच्या मागे ते सांगणारे घरात कुणी नसेल.