फ्लॉरेन्समधील कोल्हापूरची छत्री

आपल्या पेठेतील मंडळी आता युरोपच्या सहलीस वरचेवर जाऊ लागली आहेत. परतल्यावर आयफेल मनोरा, रोमचे कोलोसियम, पिसाचा झुकता मनोरा यांची छायाचित्रे कौतुकाने दाखविली जातात. फ्लॉरेन्सही बहुतेकांच्या कार्यक्रमात असते. परंतु त्या शहराच्या पश्चिम टोकास कोल्हापूरच्या एका छत्रपतींची छत्री आहे, तिचे छायाचित्र कोणी दाखविल्याचे मला आठवत नाही.

हे छत्रपती राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, आणि शाहू महाराजांचे पुत्रही नव्हेत. यांचा जन्म १८५० चा. १८६६ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर आले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जाई त्या काळात, १८७० साली, कॅप्टन वेस्ट यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. प्रवासात त्यांनी लिहिलेली रोजनिशी पुढे १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. परतीच्या वाटेवर प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस.

मग प्रश्न उभा राहिला अंत्यविधीचा. त्या शहरात दफनाचीच रीत. बरोबरच्या मंडळींनी दहनाचा आग्रह धरला, नगरपालिकेने खास अनुमती दिली आणि शहराबाहेर, आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. नृसिंहवाडीचा कृष्णा-पंचगंगा संगम ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना त्या जागेच्या निवडीमागील भाव वेगळा सांगावयास नको. तेथेच १८७४ मध्ये स्मारक उभे राहिले. आतील अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, छत्री मेजर मँट यांची. आपला कोल्हापूरचा नवा राजवाडा याच मँट यांच्या आराखड्याचा!

आम्ही गेलो तेव्हा सहल कंपनीने फ्लॉरेन्सला जेमतेम अर्धा दिवस दिला होता. ब्रुनेलेस्कीचा घुमट पाहिला, पोंते वेक्यो पूल पाहिला. या पुलावर पूर्वी खाटकांची दुकाने असत. १५९३ मध्ये त्यांना हलवून तेथे सोनारांना जागा देण्यात आली. आजही दोहो बाजूंना सराफी पेढ्या आहेत. हुपरीच्या चांदीकामाशी व्यवहार असलेल्या आमच्या घरच्यांनी तेथे जो वेळ घालविला, तो सांगण्यासारखा नाही.

छत्रीचे नाव काढताच व्यवस्थापक म्हणाले, ‘‘ते आपल्या कार्यक्रमात नाही.’’ वडील राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. १८८० मध्ये सुरू झालेल्या त्या महाविद्यालयास याच महाराजांचे नाव आहे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी जन्मात प्रथमच गट सोडला. नाइलाजाने मी आणि माझा मुलगा मागोमाग.

कास्चिने उद्यान सुमारे साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि छत्री अगदी त्याच्या टोकाला. वृद्धांनी चालण्याच्या भरीस पडू नये, टॅक्सी करावी; आम्ही केली नाही, हा माझा अविचार. जवळून एक मोठा पूल जातो, १९७८ चा. त्याचे नावच ‘पोंते अल इंदियानो’, भारतीयाचा पूल. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना हा ‘भारतीय’ कोण ते ठाऊक असेल, कोण जाणे.

चौथऱ्यावरचा पुतळा रंगविलेला आहे. अंगरखा, फेटा, गळ्यात अलंकार, आणि चेहरा कोवळा. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग माझ्या मुलाकडे पाहून म्हणाले, ‘‘हा तर आपल्या पोराएवढाच की रे!’’ मुलाचेही तेव्हा विसावेच चालू होते, आणि पुढच्या महिन्यात तो शिकण्यासाठी जर्मनीस जावयाचा होता. ‘‘अग्नी कोणी दिला असेल?’’ त्यांनी विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

गटाची बस अर्थातच निघून गेली होती. सूर्यास्तास अवकाश होता, म्हणून तेथल्याच बाकावर बसून पिशवीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सोडली. वडिलांनी पहिली दशमी नातवाच्या हाती ठेवली.