गुमर्सबाखचा हँडबॉल संघ

जर्मनीतील कलोन नगराच्या पूर्वेस, डोंगराळ प्रदेशात गुमर्सबाख हे लहानसे शहर वसले आहे. त्याची लोकवस्ती सुमारे पन्नास हजार; परंतु हँडबॉलच्या जगात त्याचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते. हँडबॉल म्हणजे चेंडू हाताने झेलून व फेकून प्रतिपक्षाच्या जाळ्यात मारण्याचा खेळ. प्रत्येक संघाचे सात खेळाडू मैदानावर उतरतात व सामना साठ मिनिटे चालतो.

येथील क्रीडासंस्था १८६१ साली स्थापन झाली. तिच्या हँडबॉल संघाने १९६६ साली पश्चिम जर्मनीचे अजिंक्यपद प्रथम मिळविले. पुढच्याच वर्षी प्रागच्या बलाढ्य दुक्ला संघाला १७-१३ असे नमवून त्याने युरोपीय विजेत्यांचा चषक पटकाविला. १९८३ पर्यंत हा चषक त्याने पाच वेळा जिंकला, तर १९९१ पर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद बारा वेळा. याच शहरात जन्मलेले व याच संघात घडलेले हायनर ब्रांड १९७८ साली खेळाडू म्हणून आणि २००७ साली राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून जगज्जेते ठरले.

परंतु वैभव कोणाचेच अखंड टिकत नाही. १९६६ पासून सर्वोच्च श्रेणीत खेळणारा हा संघ २०१९ साली गुणतक्त्याच्या तळाशी गेला आणि नियमानुसार त्यास दुसऱ्या श्रेणीत उतरावे लागले. तेथे त्याने तीन वर्षे चिकाटीने झुंज दिली. अखेर २०२२ साली त्या श्रेणीत पहिला क्रमांक मिळवून तो आपल्या जुन्या स्थानी परतला. चषक पूर्वजांच्या पराक्रमाची साक्ष देतात. पण गेलेले स्थान मात्र ज्याचे त्यानेच घाम गाळून परत मिळवावे लागते.