गळाची मासेमारी, डोंगरी ओढ्यांतील

डोंगराळ प्रदेशातील अरुंद, उथळ व वेगवान प्रवाहांत लवचिक काठी, वजनदार दोरी आणि पिसे, लोकर वा केस यांची बनविलेली कृत्रिम माशी वापरून मासे पकडण्याची पद्धत. यूरोपात ही पद्धत ट्राउट या थंड पाण्यातील माशाच्या अनुषंगाने वाढली आणि पुढे जगभर तिचे नाव त्याच माशाशी जोडले गेले. तथापि तिचे मूळ तत्त्व कोणत्याही एका माशापुरते मर्यादित नाही. प्रवाहाबरोबर वाहत येणारे कीटक टिपून खाणारा मासा जेथे आहे, तेथे ती लागू पडते. सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना, केरा व मोरणा या नद्यांना मिळणारे ओढे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत.

लाल लोकर गुंडाळून कोंबड्याची पिसे बांधलेल्या गळाने मॅसिडोनियातील लोक मासे धरीत, असा उल्लेख ईलियन या रोमन लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास केला आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरील एका प्रबंधात १२ कृत्रिम माश्यांची कृती दिलेली आढळते. आयझाक वॉल्टन याच्या १६५३ मधील प्रसिद्ध ग्रंथाला चार्ल्स कॉटन याने १६७६ साली जोडलेला भाग प्रामुख्याने याच विषयावर आहे. भारतातही गळाचा छंद परका नव्हता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ हे प्रकरण असून त्यात काठी, दोरी, गळ व निरनिराळ्या माशांना लागणारी आमिषे यांचे विवेचन आहे. गळाने मासे धरणे हा साहेबी शौक होय, असा समज यामुळे टिकत नाही.

साधने : नेहमीच्या गळात गांडूळ, कणकेची गोळी किंवा शिशाचा तुकडा यांच्या वजनाने दोरी लांब जाते. कृत्रिम माशीला जवळजवळ वजनच नसते. म्हणून येथे वजन दोरीलाच दिलेले असते. काठी मागे नेऊन झटक्याने पुढे आणली, की ती वाकते व सरळ होताना साठविलेली शक्ती दोरीला देते. दोरीचे वेटोळे हवेत उलगडत जाते आणि टोकाशी बांधलेली माशी अलगद पाण्यावर उतरते. जाड दोरी व माशी यांच्यामध्ये निमुळता होत जाणारा नायलॉनचा बारीक धागा असतो. तो माशाला सहसा दिसत नाही. लहान ओढ्यासाठी सु. २ ते २·५ मी. लांबीची हलकी काठी पुरते. माश्यांचे ढोबळ प्रकार दोन आहेत : पृष्ठभागावर तरंगणारी कोरडी माशी आणि पाण्याखालून वाहणारी ओली माशी. दुसरीत मे-माशी, कॅडिसमाशी इत्यादींच्या पाण्यात वाढणाऱ्या अवस्थांचे अनुकरण केलेले असते. दुकानात मिळणाऱ्या भडक माश्या पुष्कळदा माशापेक्षा गिऱ्हाइकालाच भुलविण्यासाठी केलेल्या असतात.

तंत्र : ओढ्यातील मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो. अन्न वरून येते आणि कमीत कमी श्रमात ते मिळावे अशी जागा तो निवडतो. मोठ्या धोंड्याच्या मागचे संथ पाणी, धार डोहात पडते तेथील कड, काठाची पोखरलेली कपार व पाण्यावर वाकलेल्या झाडाची सावली या त्याच्या ठरलेल्या जागा होत. म्हणून मासे धरणाऱ्याने खालून वर, म्हणजे माशाच्या पाठीमागून चढत जावयाचे असते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला पाण्यावरचे जग सु. ९७ अंशांच्या शंकूतून, एका वाटोळ्या झरोक्यातून पाहावे तसे दिसते. जो माणूस वाकून, पाण्याच्या पातळीलगत राहतो तो या झरोक्याच्या कडेला चेपून जातो. उभा राहिला की लगेच दिसतो. माशाच्या अंगावरील पार्श्विक रेखा हे इंद्रिय पाण्यातील कंपने टिपते. त्यामुळे हललेला दगड किंवा जड पाऊल माणसाच्या आधीच डोहात पोहोचते. मोठ्या नदीत चूक झाली तर चार पावले पुढे जाता येते, पण ओढ्यातील तीन हातांच्या डोहात एकच संधी मिळते.

ओढ्यावर झाडांची कमान असल्याने काठी मागे फेकण्यास जागा नसते. अशा वेळी दोरी पाण्यावरूनच गोल उलगडून टाकतात किंवा माशी चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवून सोडतात. माशी पाण्यावर पडल्यानंतर ती प्रवाहाच्याच गतीने वाहिली पाहिजे. दोरी मधल्या वेगवान धारेत सापडली तर माशी ओढली जाते व मासा तिच्याकडे पाठ फिरवतो. शिकाऊ माणसाचे अपयश बहुधा येथेच असते.

पाटण तालुक्यातील ओढे : कोयना महाबळेश्वरला उगम पावून सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. तिला पाटण येथे केरा मिळते आणि कराडला ती स्वतः कृष्णेला मिळते. तालुक्याच्या पश्चिम भागात पाऊस प्रचंड पडतो व तो बहुतेक चार महिन्यांतच येतो. जून-जुलैत ओढे गढूळ लोंढ्यांनी भरतात. याच वेळी अनेक जातींचे मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर जातात. त्यांनाच लोक चढणीचे मासे म्हणतात. वर्षातील ही सर्वांत सोपी मासेमारी होय आणि माशांच्या दृष्टीने सर्वांत घातकही, कारण अंड्यांनी भरलेल्या माद्याच हाती लागतात. कृत्रिम माशीला अनुकूल काळ पाणी निवळल्यावर, साधारण ऑक्टोबरपासून येतो. उन्हाळ्यात प्रवाह तुटून डोह तेवढे उरतात व त्यात कोंडलेल्या माशांवरच पुढच्या वर्षीची पैदास अवलंबून असते.

या पाण्यात कीटक टिपणाऱ्या लहान माशांपैकी बॅरिलियस वंशातील मासे विशेष उल्लेखनीय आहेत. चंदेरी अंग व बाजूंवर उभे पट्टे असलेले हे चपळ मासे इंग्रज शिकाऱ्यांत ‘डोंगरी ट्राउट’ म्हणून ओळखले जात. वस्तुतः ते कार्पच्या कुळातील असून ट्राउटशी त्यांचे नाते नाही. मोठ्या डोहांचा मानकरी मात्र महसीर (टॉर खुद्री) होय. त्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने दख्खनच्या माशांवरील आपल्या लेखनात १८३९ मध्ये केले. महसीर कीटकांबरोबरच लहान मासे आणि पाण्यात पडलेली फळेही खातो.

ट्राउट येथे का नाही, असा प्रश्न विचारला जातो. त्याला थंड व प्राणवायूने समृद्ध पाणी लागते. तापमान २० से. च्या बरेच वर गेले की त्याचे खाणे मंदावते आणि अंडी उबण्यास तर याहून पुष्कळ थंड पाणी हवे असते. काश्मीरात १९०० साली तपकिरी ट्राउट यशस्वी रीतीने आणला गेला. निलगिरीत फ्रान्सिस डे याने १८६३ पासून प्रयत्न केले, पण इंद्रधनुषी ट्राउट स्थिरावला तो विसाव्या शतकाच्या प्रारंभी, एच्. सी. विल्सन याच्या काळात. सह्याद्रीच्या या भागातील उन्हाळा त्याला सोसणारा नाही आणि ही उणीव मानण्याचे कारण नाही. बाहेरून आणलेला मासा स्थानिकांचे काय करतो, याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटा वीज कंपन्यांनी १९७० च्या दशकात महसीराची कृत्रिम पैदास सुरू केली आणि तेथील पिले इतर राज्यांतही सोडली गेली. कावेरीत हाच टॉर खुद्री वाढत गेला, तर तेथील मूळचा कुबड्या महसीर (टॉर रेमादेवी) घटत गेला. २०१८ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. एका खोऱ्यात जपण्याजोगा मासा दुसऱ्या खोऱ्यात उपरा ठरतो, तो असा.

संरक्षण : कोयना धरणाने नदीतील चढणीचा मार्ग अडविला, त्यामुळे धरणाखालील माशांना अंडी घालण्यास उपनद्या व ओढे यांचेच महत्त्व वाढले. सुरुंगाची दारू व विष यांनी मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे. या दोन्ही उपायांनी मोठ्या माशांबरोबर पिले आणि त्यांचे अन्न असलेले कीटकही मरतात. कोयना अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले व २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. त्याच्या हद्दीतील ओढे छंदासाठी खुले नाहीत. बाहेरच्या ओढ्यांतही धरलेला मासा सोडून द्यावयाचा असल्यास गळाचा उलटा काटा आधीच चेपून टाकतात, हात ओले करून मासा पाण्यातच धरतात आणि तो स्वतःच्या बळाने प्रवाहाकडे तोंड करीपर्यंत त्याला आधार देतात. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व त्या जागी बुरशी धरते. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथे महसीर देवीचे मानले जात असल्याने तेथील डोहात गळ टाकीत नाहीत.