दार मिटण्याआधी

वाचकहो, तुमच्यापैकी ज्यांची डोंगरउतारावर वरकस जमीन आहे, त्यांना मी सांगायला नको. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग कारळा, आणि पुढे काही वर्षे ती जमीन पड. पड म्हणजे टाकून दिलेली नव्हे. तिचा शीण जावा, तिने पुन्हा पीक धरावे, म्हणून ती मोकळी सोडायची. जमिनीची एवढी काळजी घेणारे आपण, मनाची मात्र घेत नाही. तिथे आजोबांच्या वेळचे वैर दर साल पेरायचे आणि दर साल कापायचे!

ज्यू लोकांच्या धर्मग्रंथात असाच एक नियम आहे. दर सातव्या वर्षी शेत मोकळे सोडावे. आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी आणि जनावरांनी खावे. त्याच वर्षी उसनवारीचे देणेही सोडून द्यावे. सोडणे त्यांनी माणसाच्या मर्जीवर ठेवले नाही. त्याला मुदत घालून दिली.

आता हे ज्यू म्हणजे कुणी दूरदेशचे, असे समजू नका. आपला ताम्हिणी घाट उतरला, की रायगड जिल्हा. तिथे अलिबाग, पेण, रोहे या बाजूच्या खेड्यांतून बेने इस्रायल लोक शेकडो वर्षे राहिले. घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावे पेणकर, किहीमकर, रोहेकर. घरातली बोली मराठी, आणि सणांची नावेसुद्धा मराठी!

त्यांचे वर्ष सुरू होते तो ‘नव्याचा सण’. त्या महिन्याच्या दहाव्या दिवशी येतो प्रायश्चित्ताचा दिवस. हिब्रू भाषेत त्याला योम किप्पूर म्हणतात. आपले हे कोकणातले लोक म्हणत ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे मिटून घेण्याचा सण. पांढरी वस्त्रे नेसायची, घराची दारे लावून घ्यायची, आदल्या सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचे नाही, आणि वर्षभरात आपण काय केले ते देवापुढे कबूल करायचे. दुसरा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी दारे उघडायची, गरिबांना दानधर्म करायचा, स्नेह्यासोबत्यांच्या घरी जायचे.

तुम्ही म्हणाल, “एक दिवस उपास केला, की वर्षाचे पाप फिटले? सोपे आहे की हो!” तर तसे नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या त्यांच्या मिश्ना या धर्मग्रंथात स्पष्ट सांगितले आहे, की या दिवशी फिटतात ते देवाचे अपराध. शेजाऱ्याचा अपराध केला असेल, तर शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय तो फिटत नाही. बाराव्या शतकातले त्यांचे थोर शास्त्रकार मोशे बेन मैमोन यांनी याची रीतच लिहून ठेवली. आधी नुकसान भरून द्या. मग क्षमा मागा. तो ऐकेना, तर तीन स्नेही बरोबर घेऊन पुन्हा जा. असे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जा. तरीही त्याने मन मोकळे केले नाही, तर दोष त्याच्याकडे जातो. आणि तो माणूस वारला असेल तर? दहा माणसे घेऊन त्याच्या थडग्यापाशी जा आणि त्यांच्यासमोर अपराध कबूल करा.

या तालुक्यात ‘सोडून द्या’ म्हणताना मात्र मला जपून बोलले पाहिजे. धरणाविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यात पुढे होते. तरी धरण झाले, भातखाचरे पाण्याखाली गेली. ज्याची जमीन गेली, त्याला “झाले गेले विसरा” असे परस्पर सांगण्याचा अधिकार कुणाला नाही. हा नियमही तसे सांगत नाही. पहिले पाऊल टाकायचे ते ज्याने दुखावले त्याने.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. माझे वडील आणि थोरले काका यांच्यात हातभर बांधावरून वीस वर्षे बोलणे नव्हते. वडील गेल्यावर मोजणी झाली, तेव्हा कळले, की बांध आमच्याकडूनच सरकला होता. काकांकडे जायला हवे होते. परीक्षा संपू देत, पाऊस उघडू दे, असे म्हणत मी दोन वर्षे काढली. आणि एके दिवशी काका गेल्याचा निरोप आला. दहाव्याला नदीवर सगळ्या भावकीसमोर मी म्हणालो, “चूक आमची होती.” पुढे चुलतभावाला तेवढी जमीन कागद करून दिली. आज आमचे जाणेयेणे आहे. पण ज्यांनी ते शब्द ऐकायचे, ते कान राहिले नव्हते.

नव्याने सुरुवात करायची म्हणजे मागचे सगळे पुसायचे, असेही नाही. १९४८ नंतर बेने इस्रायलांपैकी बहुतेक जण इस्राएलला गेले. घाणा सुटला, गाव सुटले. पण मराठी त्यांनी टाकली नाही. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. काय टाकायचे आणि काय बरोबर न्यायचे, हे ज्याला कळले, त्याची सुरुवात खरी.

आपल्याकडे असा दिवस नाही का? आहे. आपला दसराही आश्विनातला दहावाच दिवस. कित्येक वर्षी तो आणि दारफाळणी जवळजवळ येतात. २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला तर दोन्ही एकाच दिवशी आले. आपण आपट्याचे सोने घेऊन घरोघर जातो. पण जातो ते जिथे नेहमी जातो त्याच घरी. शिक्षक बंधूंनो, मुलांना सोन्याचा अर्थ सांगाल, तेव्हा हेही सांगा, की यंदा एक पान बोलणे तुटलेल्या मित्रासाठी ठेवा. आणि वडीलधाऱ्यांनो, तुम्ही आधी एका घराचा हिशेब मनात काढा. आपल्याकडून काही देणे निघत असेल तर ते चुकते करा, आणि मग पान घेऊन त्या घरची पायरी चढा.

दार उघडेल की नाही, ते त्या घराच्या हाती. पण तिथे माणूस आहे तोवर जाणे, हे आपल्या हाती आहे.